दीड सेकंद: बागकामातले ट्रॅक्टर आणि मॉवर माणसाला कसे गाठतात

फळी कुजकी होती म्हणून आमचे मामा वाचले.

गोष्ट जुलैमधली. पुण्याजवळच्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या बागेचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. रात्रभर पाऊस लागला होता, आणि गवत कापायचा स्लॅशर मागे लावलेला ट्रॅक्टर लॉनच्या कडेला मऊ मातीत रुतला. चालक मामा पन्नाशीचे, तीस वर्षं ट्रॅक्टरवर काढलेली. त्यांनी आणि दोघा पोरांनी मागच्या चाकांपुढे जाड फळ्या ठोकल्या. मामांनी पहिला गियर टाकला, रेस केली आणि क्लच सोडला. चाकं फळ्यांना अडली, जागची हलली नाहीत. पण ट्रॅक्टरचं तोंड हातभर वर उठलं. तेवढ्यात डावीकडची फळी मधोमध मोडली, चाक जागच्या जागी फिरलं आणि तोंड दाणकन खाली आलं.

मी धावत गेलो. "मामा, क्लच दाबलात का?"

"कधी दाबणार साहेब? उठलाय हे कळलं तोवर तो खाली आला होता."

मामांचं हे वाक्य नीट समजलं की या यंत्रांचे बहुतेक अपघात समजतात. चालक अनुभवी हवा, सावध हवा, असं आपण म्हणतो. तो हवाच. पण इथे सावधपणा वापरायला वेळच मिळत नाही. म्हणून हा लेख सेकंदांच्या हिशेबानं लिहितोय.

तोंड का उठतं

इंजिन मागचा आस फिरवायला जोर लावतं. चाक फिरायला मोकळं असलं की तो जोर चाकातून जमिनीला मिळतो आणि ट्रॅक्टर पुढे सरकतो. चाक अडलं तरी जोर नाहीसा होत नाही. गंजलेला नट पान्यानं सोडवायला जावं, नट हलू नये आणि हातातली अख्खी वस्तूच गरकन फिरावी, तसं होतं. चाक फिरत नाही, म्हणून ट्रॅक्टरचं धूडच मागच्या आसाभोवती फिरायला लागतं. म्हणजे तोंड वर उठतं. रुतलेल्या ट्रॅक्टरला आपण पहिला गियर टाकतो, आणि नेमका त्याच गियरमध्ये हा जोर सगळ्यात जास्त असतो.

ट्रॅक्टरचं बरंचसं वजन मागे असतं. त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या थोडाच पुढे असतो. तोंड उठताना तो मागे मागे सरकतो, आणि एकदा का मागच्या चाकांच्या टेकूच्या मागे गेला की क्लच दाबून काही उपयोग नाही. मग ट्रॅक्टर स्वतःच्याच वजनानं पालथा होतो. तोंड उठायला लागल्यापासून हा परत न फिरण्याचा बिंदू साधारण पाऊण सेकंदात येतो. पूर्ण पालथा व्हायला दीड सेकंद लागतो. आता चालकाची बाजू बघा. काहीतरी चुकतंय हे जाणवणं, काय चुकतंय ते कळणं आणि पाय क्लचवर नेऊन दाबणं, यातच पाऊण ते एक सेकंद जातो. तीस वर्षांच्या अनुभवानं यातून फार तर थोडंसं कमी होईल. पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासचा ट्रॅक्टर दोन टनांचा असतो. तो सीटवरच्या माणसावर येतो.

तेव्हा रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांपुढे फळी, ओंडका, दगड घालून पुढे काढायचा नाही. चाकांमागचा चिखल उकरून रिव्हर्समध्ये काढायचा, कारण रिव्हर्समध्ये तोंड जमिनीकडे दाबलं जातं. त्यानं जमलं नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचा. तो येईपर्यंत तासभर काम थांबेल, थांबू द्या.

बागेत ट्रॅक्टर मागे पालथा होण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे झाडाचा बुंधा उपटणं. बुंध्याला साखळी बांधून तिचं दुसरं टोक ट्रॅक्टरला कुठे अडकवायचं, यावर सगळं अवलंबून असतं. ड्रॉबार, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागची ओढायची दांडी, आसाच्या खाली असतो, आणि ओढायची जागा तीच. साखळी तिथे असेल तर तोंड उठताना ड्रॉबार आणखी खाली जातो आणि मागे खेचणारी तरफ कमजोर पडते. तीच साखळी आसाला गुंडाळली किंवा वर, अवजार जोडायच्या टॉपलिंकच्या कड्याला अडकवली, तर बुंधा जागचा न हलता ट्रॅक्टरलाच मागे लोळवतो. "वरून बांधलं की जोर बसतो" हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. जोर बसतो हे खरं आहे. तो चालकावर बसतो.

उतार, माउंड आणि तळ्याची कड

मोठ्या आवारांत सपाट लॉनला आता कोणी विचारत नाही. लँडस्केपचा नकाशा आला की त्यात माउंड म्हणजे मातीचे उंचवटे असतात, छोटं तळं असतं, पायऱ्यापायऱ्यांची भिंत असते. दिसायला सुंदर, पण ते गवत कोण आणि कशानं कापणार हे नकाशा काढताना ठरलेलं नसतं. पुढे ते काम राइड-ऑन मॉवरवरच्या पोराच्या वाट्याला येतं.

राइड-ऑन मॉवर म्हणजे वर बसून चालवायची गवत कापायची गाडी. वजन दोन-अडीचशे किलोपासून पाच-सहाशे किलोपर्यंत. ट्रॅक्टरपुढे ती खेळण्यासारखी दिसते, म्हणून तिचं भय वाटत नाही. बहुतेक मॉवरच्या पुस्तिकांत पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर जाऊ नका, असं छापलेलं असतं. पंधरा अंश म्हणजे किती? दहा फूट आडवं गेल्यावर जमीन साधारण पावणेतीन फूट चढली, तर पंधरा अंश. दोरी, टेप आणि पाणसाळ घेऊन पाच मिनिटांत मोजता येतं. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा आमचे तीन माउंड या मर्यादेच्या वर निघाले. त्या दिवसापासून तिथे हातानं ढकलायचं मशीन आणि ब्रश कटर लागला.

उतारावर दिशेचा नियम यंत्राप्रमाणे बदलतो. बसून चालवायची गाडी उतारावर वर-खाली चालवायची, आडवी नाही, कारण आडवी गेली की कलंडते. ढकलायचं मशीन मात्र आडवं न्यायचं, कारण वर-खाली नेताना पाय घसरला तर पाऊल पात्याखाली जातं. नवीन माणसाला हे दोन्ही एकाच दिवशी सांगितलं तर घोटाळा होतो. वेगवेगळ्या दिवशी, प्रत्यक्ष उतारावर उभं राहून सांगावं.

दोन दांड्यांनी वळणाऱ्या झिरो-टर्न गाडीबद्दल वेगळं सांगायला हवं. तिची पुढची चाकं नुसती गरगर फिरणारी असतात, त्यांना स्टिअरिंग नसतं. वळणं आणि थांबणं ही दोन्ही कामं मागच्या दोन चाकांच्या पकडीवर चालतात. ओल्या गवतावर उतरताना ती पकड सुटली की चालकाच्या हातात काहीच उरत नाही, गाडी ओंडक्यासारखी घसरत जाते. खाली तळं किंवा भिंतीची कड असेल तर पुढचं सांगायला नको. गाडी उलटून माणूस खाली अडकला तर गुडघाभर पाणीही जीव घ्यायला पुरतं. आपल्याकडे गवत सगळ्यात जोरात वाढतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि सगळ्यात निसरडंही तेव्हाच असतं. सोसायटीच्या ऑफिसमधून "लॉन फार वाढलंय" असा फोनही तेव्हाच येतो. त्या फोनला "उद्या ऊन पडलं की कापू" हे उत्तर द्यायची ताकद सुपरवायझरकडे हवी. चालकाला ते उत्तर देता येत नाही.

चारीच्या कडेनं जाताना एक साधा हिशेब ठेवावा: चारी जितकी खोल, किमान तितकं अंतर कडेपासून सोडायचं. पाऊस झालेली भरावाची माती चाकाखाली तिरपी ढासळते, आणि ढासळेपर्यंत वरून अगदी ठीक दिसते.

ट्रॅक्टरबाबत आणखी एक. मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, शेतात टोकाला चटकन वळता यावं म्हणून. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावायची असते. ती राहिली आणि वेगात एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर एका चाकावर फिरून आडवा होतो. संकुलातल्या डांबरी रस्त्यावर, ट्रॉली रिकामी म्हणून पोरगा जोरात चाललेला असताना, हे घडायला काही वेळ लागत नाही. वेग दुप्पट झाला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो.

बार वर, पट्टा कमरेला

मग दीड सेकंदावर उपाय काय? उपाय असा हवा की तो दीड सेकंद सुरू होण्याआधीच तयार असेल. तो साठ वर्षांहून जुना आहे. सीटच्या मागे किंवा भोवती मजबूत पोलादी चौकट आणि सोबत सीट बेल्ट.

स्वीडननं १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची केली आणि पुढे जुन्यांवरही आणली. पुढच्या काही दशकांत तिथे ट्रॅक्टर पलटी होऊन माणसं मरणं जवळजवळ थांबलं. ट्रॅक्टर पलटी होणं थांबलेलं नाही, ते होतच राहिले. माणसं खालून जिवंत निघायला लागली. अमेरिकेत २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेला ट्रॅक्टर कामगाराच्या हाती द्यायचा तर चौकट आणि पट्टा हवा, असा नियम आला. पण स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः चालवणारा आणि जुन्या ट्रॅक्टरवाला त्यातून सुटला. मग न्यूयॉर्क राज्यात २००६ पासून जुन्या ट्रॅक्टरला चौकट बसवायच्या खर्चातला मोठा भाग परत देणारी योजना सुरू झाली. मला त्यातलं शहाणपण आवडतं. माणसाला उपदेश पटलेला असतो, अडतं ते पैशापाशी. चौकट आणि पट्टा दोन्ही असतील तर पलटी होऊनही जीव वाचण्याची शक्यता ९९ टक्के, असं अमेरिकेतली कामगार-सुरक्षेची सरकारी संशोधन संस्था नायॉश सांगते.

दोन्ही असतील तर, हे महत्त्वाचं. चौकट पलटी थांबवत नाही. ती चालकाभोवती एक पोकळी राखून ठेवते, आणि पट्टा माणसाला त्या पोकळीत धरून ठेवतो. पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच चौकट त्याच्यावर येऊ शकते. उलट, चौकट नसताना पट्टा लावला तर माणूस सीटला बांधलेला राहतो आणि वजन त्याच्यावर येतं. म्हणून चौकट असेल तर पट्टा लावायचा, नसेल तर नाही.

घोळ होतो तो घडी पडणाऱ्या बारमुळे, म्हणजे मागे पाडता येणाऱ्या चौकटीमुळे. मॉवर झाडांच्या फांद्यांखालून जावा म्हणून त्याचा बार मागे पाडता येतो. आंब्याच्या रांगेखाली बार पाडतात, रांग संपते, पुढे तळ्याचा उतार येतो आणि बार पाडलेलाच राहतो. पाडलेला बार म्हणजे बार नाही. तेवढ्या भागात पट्टाही नको आणि उतारही नको. आम्ही शेवटी झाडांखालचं गवत दिवसाच्या अखेरीस कापायचं ठरवलं. बार पाडायचा तो एकदाच, आणि त्यानंतर गाडी शेडमध्ये.

आपल्या ट्रॅक्टरवर उन्हासाठी बसवलेलं छत्र म्हणजे संरक्षक चौकट नव्हे. ते पत्र्याचं आणि पाइपचं असतं, दोन टनांखाली चुरगळतं. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पाइप वाकवून घेतलेली चौकटही भरवशाची नाही. खरी चौकट त्या ट्रॅक्टरच्या वजनासाठी तपासलेली असते, आणि ती बसवण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. माणूस जिच्या भरवशावर बसणार, ती तपासलेलीच हवी.

सेकंदाला नऊ फेरे

ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा पीटीओ शाफ्ट स्लॅशरला, खड्डे घेणाऱ्या ऑगरला, फांद्यांचे तुकडे करणाऱ्या चिपरला ताकद देतो. नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. कापडाचं टोक अडकलं तर एका सेकंदात साधारण दोन मीटर कापड गुंडाळलं जातं. गळ्यातल्या उपरण्याची लांबी आठवा. हात मागे घेण्याचा विचार मनात येईपर्यंत हात शाफ्टपाशी पोहोचलेला असतो.

बागेत गवत गोळा करायला बायका असतात. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, खोचलेला पदर. उन्हापासून आणि धुळीपासून वाचायला हाच वेश योग्य आहे, त्यांना नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही. पण चालू पीटीओपासून दोन माणसांच्या उंचीइतक्या अंतरात त्यांना कामाला लावणं ही लावणाऱ्याची चूक. शाफ्टवर प्लास्टिकचं आवरण असतं. इंजिन बंद करून ते हातानं फिरवून पाहावं: आतला शाफ्ट जागेवर राहून आवरण मोकळं फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर ते शाफ्टला चिकटलंय, आणि उद्या चालू शाफ्टबरोबर तेही फिरेल. ते बदलायला लागणारा खर्च एका माणसाच्या दवाखान्याच्या पहिल्या दिवसाच्या बिलापेक्षा कमी असतो.

शाफ्ट ओलांडून पलीकडे जायचं नाही, वळसा घालायचा. वीस पावलं जास्त पडतात.

पातं, आणि सीटखालची तार

मॉवरच्या पात्याच्या टोकाला वेगाची मर्यादा घालून दिलेली आहे, ती मिनिटाला १९,००० फूट. हिशेब केला तर ताशी सुमारे ३४५ किलोमीटर. वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी दीडशेनं येतो आणि त्यासाठी फलंदाज हेल्मेट घालतो. पात्यानं उडवलेला खडा, स्प्रिंकलरचं तुटलेलं डोकं, कुंपणाची तार यांच्या समोर कुठलंतरी सायकल चालवणारं मूल असू शकतं. गवत बाहेर टाकायच्या तोंडावरची झडप काढून टाकली की गवत अडकत नाही, म्हणून ती काढतात. ती परत लावा. आणि गाडी सुरू करण्याआधी एका माणसानं पिशवी घेऊन सगळं लॉन चालून यायचं. आमच्याकडे हे काम सखू मावशी म्हणून सगळे ज्यांना हाक मारत त्या करायच्या. त्यांच्या पिशवीत रोज काहीतरी असायचंच.

सीटखाली एक स्विच असतो. पातं चालू असताना चालक सीटवरून उठला की स्विच इंजिन किंवा पातं बंद करतो. खडबडीत जमिनीवर माणूस सीटवर उसळतो, गाडी बंद पडते, कामाचा खोळंबा होतो. मग कोणीतरी दोन तारा जोडून स्विच कायमचा चालू करून टाकतो. गाडी बंद पडायची थांबते आणि सगळे खूश होतात. पुढे कधीतरी ओल्या गवताचा गोळा डेकमध्ये, म्हणजे पात्यावरच्या झाकणात, अडकतो, चालक सवयीनं उतरतो आणि हात घालतो. पातं अजून फिरत असतं.

इंजिन बंद झाल्यावरही पातं लगेच थांबत नाही, काही सेकंद घेतं. आणि दोन-तीन पाती असलेल्या डेकमध्ये एक पातं हातानं फिरवलं की पट्ट्यानं जोडलेलं दुसरंही फिरतं. म्हणून किल्ली काढून खिशात टाकायची, पेट्रोल गाडीची प्लगची वायर ओढून ठेवायची, आणि गोळा काठीनं काढायचा, हातानं कधीच नाही. उसळणारी सीट दुरुस्त करायची असते, स्विच नाही. मी प्रत्येक नव्या जागी गेलो की सगळ्यात आधी सीट उचलून खाली बघतो.

अशाच वळणाची एक खोड ट्रॅक्टरला आहे. किल्लीनं सेल्फ लागत नाही, मग खाली उभं राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर ठेवून ठिणगी पाडतात. ट्रॅक्टर गियरमध्ये असेल तर सुरू होताच पुढे जातो, आणि उभं राहायची जागा नेमकी मागच्या मोठ्या चाकापुढे असते. किल्लीवरून, सीटवर बसूनच सुरू करायचा. नाहीतर मिस्त्री येईपर्यंत उभा राहू द्यायचा.

मडगार्डवर दुसरा माणूस बसवू नये. मॉवरवर पोरांना फेरी मारून आणू नये, मालकाचं पोर असलं तरी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बसून चालवायच्या मॉवरसाठी सोळा वर्षांची अट सुचवली आहे. गाडी रिव्हर्स घेताना मागे उभं असलेलं लहान मूल चालकाला दिसत नाही. म्हणून तिकडच्या गाड्यांत रिव्हर्सला पातं आपोआप बंद होण्याची सोय आली.

झालंच तर

महाराष्ट्रात शेतकरी खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून मृत्यूसाठी दोन लाखांपर्यंत मदत मिळते. पण आवारात रोजंदारीवर लॉन कापणाऱ्या माळ्याच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून ही योजना त्याच्या कामाची नाही. त्याचा आधार ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. कामावर झालेल्या इजेला तिथे आधी ठरावीक महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नसते, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. पण नोंदणी झालेली हवी. कंत्राटदाराला बिल देण्याआधी त्याच्या माणसांची ईएसआय कार्डं मागणं हे सोसायटीच्या सचिवाला अगदी सहज जमण्यासारखं आहे.

आणि अपघात घडलाच, तर पहिलं काम इंजिन बंद करणं. खाली अडकलेल्या माणसाला ओढण्याआधी यंत्र आणखी घसरणार नाही असं टेकवा, नाहीतर वाचवायला गेलेलाही खाली जातो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, सोडून सोडून बघू नका. बोट तुटून पडलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. १०८ ला फोन करताना संकुलाच्या नावासोबत कुठलं गेट, कुठल्या इमारतीमागे, हेही सांगा आणि एक माणूस त्या गेटवर उभा करा. शंभर एकरांच्या आवारात रुग्णवाहिका आत येऊनही तळं शोधत फिरत राहते, हे मी पाहिलं आहे.